शनिवारची मोजणी

सकाळी साडेआठ, नुकतंच उजाडतंय.
बांधावरचं मेंढ्यांचं फाटक
हिवाने चिकटून बसलेलं, खांदा लावावा लागतो.
आम्ही चौघं, आणि हेसेलची कुत्री,
जिला दर शनिवारी येऊ नको म्हणून सांगितलं जातं.

आठवडाभर मी याच रस्त्याने टपाल वाटते.
कुणाचं दार कसं करकरतं ते मला पाठ.
शनिवारी पिशवीत पत्रं नसतात :
दुर्बीण, पेन्सिल (शाई जानेवारीत रुसते),
वाटाण्याच्या सुपाचा थर्मास
आणि रिन्स्केने आखलेली वही, जिच्या पानांवर
गेल्या वर्षीचा चिखल वाळून बसलाय.

डावीकडे समुद्र. म्हणजे समुद्र असायला हवा तिथे
ओहोटीने उघडी टाकलेली राखाडी, मैलभर.
उजवीकडे फ्रीसलंडची गावं, समुद्राहून हातभर खाली,
चर्चच्या मनोऱ्याला धरून बसल्यासारखी.

हंस आधी ऐकू येतात.
पांढऱ्या गालांचे, काळ्या गळ्यांचे, उत्तर रशियातून आलेले,
सगळे एकदम बोलणारे,
सभेत पाणीपट्टीचा विषय निघावा तसे.
"चार हजार," रिन्स्के म्हणते.
"चार हजार दोनशे. आणि सगळे माझ्याच गवतावर," हेसेल.
दर हिवाळ्यात तो त्यांना शिव्या घालतो,
दर हिवाळ्यात भरपाईचा अर्ज उशिरा धाडतो
(लिफाफा माझ्याच हातून जातो)
आणि मोजायला सगळ्यांच्या आधी फाटकाशी हजर.
वहीत आम्ही चार हजार शंभर लिहितो.
हंसांची हरकत नसते.

पुढे तरंग बदकं, शीळ घालत चरणारी.
कुंपणाच्या खांबावर खरूची, अंग फुगवून.
कडेने गोठलेल्या कालव्यापाशी एक राखी बगळा,
बंद खिडकीपुढे रांगेत पहिला उभा असल्यासारखा.

वोब्बे मागे असतो. ब्याऐंशी वर्षांचा.
त्याचा बाप सोनचिखले धरायचा :
ओल्या कुरणात जाळं, ओठांत शिट्टी,
आणि संध्याकाळी
लांबच्या हॉटेलांकडे निघालेल्या टोपल्या.
वोब्बेनेही धरले. तेच जाळं, तीच शिट्टी,
फक्त मान मुरगळायच्या ऐवजी
पायात कडं घालून सोडून दिले.
"हात तेच," तो म्हणतो, "शेवटचा इंच वेगळा."

ती शिट्टी अजून त्याच्या गळ्यात आहे.
पितळेची, दातांच्या खुणांची. सगळ्या खुणा त्याच्या नाहीत.

नांगरटीच्या कडेला तो थांबतो. आम्ही थांबतो.
कुत्रीसुद्धा.
दोन स्वर, दुसरा किंचित वाकलेला.

काही नाही.

पुन्हा.
मग ढेकळांतलं एक ढेकूळ
चार पावलं धावतं आणि थबकतं.
मग दुसरं. मग अख्खा तासच्या तास सरकू लागतो,
आणि पलीकडून ते दोन स्वर परत येतात,
कुणीतरी दार लोटून "कोण?" विचारावं तसे.

वोब्बे अजून वाट बघतोय.
तीन हिवाळे झाले, एवढा बारीक आवाज
त्याच्यापर्यंत पोचत नाही.
कानातलं यंत्र फक्त वारा मोठा करतं.

रिन्स्के हातमोजा काढते
आणि त्याच्या बाहीवर बोट टेकवते. एकदा.
थोड्या वेळाने पुन्हा. मग दोनदा.
मग भराभर, पत्र्यावर थेंब पडावेत तशी,
आणि वोब्बे मान तिरकी करून
आपल्या बाहीकडे कान लावतो.

"नॉर्वेचे," तो शेवटी म्हणतो. "घाईत बोलतात."
हेसेल पलीकडे तोंड करून नाक शिंकरतो.
थंडीच तेवढी आहे.

परत आलो तेव्हा सूप निवलं होतं.
सोनचिखल्यांपुढचा रकाना कोराच राहिला,
ते बांधावरच कळलं होतं मला,
पण मी बोलले नाही.
कुत्रीला मात्र कुठेतरी मेलेला मासा सापडला होता
आणि ती तो कुणालाच द्यायला तयार नव्हती.